शून्य म्हणजे सगळं ठीक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज एका डब्यात जेवणाऱ्या मित्रालाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? — तुम्ही दत्ताभाऊंना ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे मी अजूनही शेपूट घालतो.

रांजणगावच्या एका कारखान्यात पत्रा दाबणारे प्रेस आहेत. त्यांच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर मी लिहितो. तेही अगदी आतलं — कर्नलमधलं, जिथे मशीन आणि सेन्सर एकमेकांशी बोलतात. साच्यातून तयार तुकडा बाहेर पडला की नाही, हे एक सेन्सर सांगायचा. अधूनमधून त्याचं उत्तर उशिरा यायचं. मग माझा कोड लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, वॉर्निंग लिहायचा, एरर परत पाठवायचा आणि प्रेस थांबायची. थांबायलाच हवी होती.

पण गिऱ्हाईक कंपनीचे लोक लाइन बघायला येणार होते. त्यांच्यासमोर प्रेस थांबली असती तर काय झालं असतं? माझी अब्रू गेली असती, दुसरं काय. कारण शोधत बसायचा धीर मला नव्हता. मी वॉर्निंगची ओळ पुसली आणि एररच्या जागी शून्य परत पाठवलं. कर्नलमध्ये शून्य म्हणजे सगळं ठीक. पाहुणे खूश होऊन गेले. नंतर ती ओळ परत घालणार होतो — घातली नाही.

त्या प्रेसवर दत्ताभाऊ असायचे. यवतजवळचे, घरी शेवंतीची शेती, आठवडाभर मुक्काम सणसवाडीत भाड्याच्या खोलीवर. एका दुपारी तुकडा आत अडकलेला असतानाच प्रेस खाली आली आणि साचा फुटला. सुदैवाने त्यांचा हात आत नव्हता. ‘सुदैवाने’ हा शब्दही मी स्वतःच्याच सोयीने लिहितोय, बघा.

आमच्याकडे एक जुनी खोड आहे. सेन्सर सारखा काम अडवायला लागला की काही ऑपरेटर त्याच्यावर चिकटपट्टी लावून मोकळे होतात; मग तुकडा अडकला तरी सेन्सर ‘ठीक’च सांगतो आणि लॉगमध्ये काही येत नाही. सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. त्यामुळे साचा फुटल्यावर सगळ्यांनी दत्ताभाऊंकडेच बघितलं. ते म्हणत राहिले, पट्टी लावली नाही. चौकशीत मॅनेजरनी मला विचारलं, सॉफ्टवेअरचा दोष असू शकतो का? दत्ताभाऊ माझ्याकडे बघत होते. आशेने — हो, आशेनेच. मी म्हणालो, “लॉगमध्ये एकही वॉर्निंग नाही.”

अक्षर न् अक्षर खरं होतं. कशी असेल वॉर्निंग? मीच पुसली होती ना ती.

त्यांना कामावरून काढलं. मग मी ती ओळ गुपचूप परत घातली आणि वॉर्निंग लगेच दिसायला लागल्या. उत्तर उशिरा येण्याचा घोळ माझ्याच कोडमध्ये होता. दुरुस्त करणं एका दुपारचं काम निघालं. अपडेटपुढे मी ‘किरकोळ सुधारणा’ असं लिहिलं. तेव्हा तरी बोलता आलं नसतं का? आलं असतं. मी भित्रा आहे, याला दुसरं नाव नाही.

गेल्या महिन्यात यवतला चहासाठी थांबलो, तर ढाब्याच्या गल्ल्यावर दत्ताभाऊ. त्यांनीच हाक मारली, शेजारी बाकावर बसवलं, चहा मागवला. मला वाटलं, आता शिव्या पडणार. पडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“सायेब,” ते हळूच म्हणाले, “मी लई दिस म्हनत व्हतो, पट्टी म्या लावलीच न्हाई. पर तुमचं मशीन खोटं कशाला बोलंल? म्याच लावली आसंल आन् इसारलो. आता शेतातली मोटर बंद केली का न्हाई, ते बी परत परत जाऊन बघतो. सोतावर भरवसाच न्हाई ऱ्हायला.”

पट्टी त्यांनी लावली नव्हती. एवढं एक वाक्य होतं, आणि तिथे त्या बाकावर ते मला म्हणता आलं असतं. मी चहा संपवला. चहा बरा झालाय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ठीक आहे.