आठ बाटल्या, एकच वास

आमची कंपनी वाइन आयात करते. चाखणीच्या खोलीतले ग्लास मावशी धुतात आणि बावीस वर्षांत त्यांनी त्या ग्लासांना दुसऱ्या कोणाला हात लावू दिलेला नाही. वाइनचा थेंबही त्यांनी कधी जिभेवर ठेवला नाही, पण धुतलेला प्रत्येक ग्लास नाकाशी धरून मगच पुसायचा, हा त्यांचा नेम.

गेल्या हिवाळ्यात व्यवस्थापकांनी ठरवले, की मावशींच्या जागी ग्लास धुण्याचे यंत्र आणायचे. त्यांना कामावरून कमी करण्याचे पत्र तयार होते, फक्त सही बाकी होती. मावशींना ते ठाऊक होते. नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून घर त्यांच्या एकटीवर चालते.

त्याच आठवड्यात एका थंड डोंगराळ भागातून पिनो न्वार नावाच्या द्राक्षाच्या आठ बाटल्या तुलनेसाठी आल्या. त्या भागाचे नाव आमच्यापैकी कोणी ऐकले नव्हते. या द्राक्षाची वाइन रंगाला फिकट, सगळी मजा वासात. आमचे मुख्य चाखणारे, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांनी एकेक ग्लास हुंगला आणि आठवा खाली ठेवून म्हणाले, "सगळ्या सारख्याच. रंगाचा डबा उघडल्यासारख्या. परत पाठवा."

"ग्लास नीट धुतले नसतील," व्यवस्थापक म्हणाले. "म्हणून तर यंत्र हवं."

"खापर फोडायला बरं माझंच डोकं सापडतं तुम्हाला, साहेब," मावशी दारातून म्हणाल्या. त्यांनी एक रिकामा ग्लास उचलून हुंगला, आत गेल्या आणि मोरीजवळच्या जाळीवरून दुसरा घेऊन आल्या.

"दादा, हे दोन्ही कालच धुतलेत, एकाच पाण्यात. हा नव्या कपाटात उपडा ठेवला होता. याला आत जागा नव्हती, म्हणून बाहेर राहिला. एकच बाटली दोन्हींत ओता."

दादांनी ओतली. कपाटातला ग्लास हुंगून नाक मुरडले. दुसरा हुंगला, आणि पुन्हा एकदा हुंगला. मावशींनी ओल्या हाताची मूठ आवळली होती.

"चेरी," दादा म्हणाले. "आणि मागून ओल्या पानांसारखं काहीतरी. ही तर छान आहे."

कपाटाला आठवड्यापूर्वीच व्हार्निश लावले होते. उपड्या ग्लासांत तो वास कोंडला होता. ही व्यवस्था कोणाची, हे सगळ्यांना माहीत होते, म्हणून सगळे खिडकीबाहेर पाहू लागले.

"धूळ बसू नये म्हणून उपडे ठेवा म्हटलं होतं मी," व्यवस्थापक अखेर स्वतःच म्हणाले.

"धूळ नाही बसली, साहेब."

दादांना हसू आवरेना. ग्लास पुन्हा धुतले गेले, आणि आठ बाटल्या आठ तऱ्हेच्या निघाल्या. एक आंबटढाण, दोन बेताच्या, तीन बऱ्या, आणि तिसरी व सहावी इतक्या सरस, की दादांनी त्या पुन्हा मागून घेतल्या.

व्यवस्थापकांनी पत्र फाडले नाही, तो त्यांचा स्वभाव नाही. त्यावर 'रद्द' लिहून, तारीख घालून, फाइलला लावायला माझ्याकडे दिले. मी मोरीशी जाऊन मावशींना सांगितले. त्यांनी नळ बंद केला, स्टूल ओढून बसल्या आणि घरी फोन लावला.

"अहो, लॉन्ड्रीत माझ्यासाठी कामाचं विचारलं होतंत ना? त्यांना नाही म्हणून कळवा."