गुणसूत्रं मधात येतात

"मधात? मग काय, चाटायची का गुणसूत्रं?"

सर असं म्हणाले अन् अख्खा वर्ग हासला. बुलढाण्यात अकरावीले होती मी. फळ्यावर पेशीचं गोल चित्र, अन् मी एकटी उभी. प्रश्न होता, पेशीच्या विभाजनात मध्यावस्थेत काय होते. मी म्हटलं होतं, "सर, गुणसूत्रं मधात येतात अन् रांगेनं उभी राह्यतात." उत्तर बराबर होतं. पण आमच्या मोताळ्याकडे मधात म्हणजे मध्यभागी. सरांच्या मराठीत मधमाशीचा मध.

अन् मी काय केलं? मीबी हासली. खी खी करून. मले सगळ्यात जास्त लाज त्या हासण्याची वाटते.

त्या दिवसापासून पोरी मले मधमाशी म्हणत. मी हात वर करणंच सोडलं. येत असूनबी मुकी बसे.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली. मायनं इचारलं, "काय शिकून राह्यली वं तू?" मी सांगतलं, एका पेशीच्या दोन कशा होतात. आधी आतलं सगळं दुप्पट होते, मंग गुणसूत्रं रांगेत लागतात, मंग अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मायची शाळा चौथीतच सुटलेली. तरी ध्यान देऊन ऐकत होती. म्हणे, "मंग पहिले मधात काऊन येतात?"

असा प्रश्न वर्गात कोणीच इचारला नव्हता. अन् मी तिच्यावर खेकसली, "मधात नाही, मध्ये म्हण! गावंढळ कुठली!"

माय हासली. मी वर्गात हासली होती, तशीच. सर तं बुलढाण्यातच होते. हे मी बोलली होती, माह्या तोंडानं.

प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेले सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या मुळाची स्लाईड लावली. "काय दिसतंय?"

"गुणसूत्रं मधात आली हायेत. दोन्ही पेशींले सारखा वाटा भेटला पाहिजे म्हणून."

"शुद्ध बोल."

"उत्तर चूक हाये का, सर?"

"चूक नाही, पण..."

"मंग मार्क उत्तराचे द्या."

मार्क कापलेच त्यांनी. कापू द्या.

मायले जे बोलली, ते काही पुसून निघत नाही. त्याची लाज मरेपर्यंत राहीन. राहू द्या. पण आता माह्यासमोर कोणाच्या बोलीवर कोणी हासलं, मंग सर असो का सख्खा भाऊ, मी त्याच्यासंगं हासणार नाही. उभी राहून इचारीन, हासाले काय झालं?