शिकून घेतलेलं हसू

माझ्या धाकट्या आत्याइतकी वागायला चोख बाई अख्ख्या बुऱ्हाणपुरात झाली नाही, आणि वागण्याचा तिच्याइतका शीणही कुणाला आला नसेल. हळदीकुंकवाला कसं बोलायचं, हे ती शेजारच्या मास्तरीणबाईंकडून उचलायची. बाई जितकं हसतील तितकंच आत्या हसायची, फक्त क्षणभर उशिरा. एकदा कुणाच्या तेराव्याला मास्तरीणबाईंना शिंक आली आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. आत्याने लगेच आपला पदर डोळ्यांना लावून असा हुंदका काढला, की घरची सूनच उठून तिचं सांत्वन करू लागली.

भाषावार राज्यं झाली, आमचं गाव हिंदी राज्यात राहिलं, कचेऱ्यांत हिंदी आली, तेव्हा आमच्याकडचे भलेभले अडखळले. आत्या मात्र थोड्याच दिवसांत चौकातल्या शेठाणीसारखी हिंदी बोलू लागली, हातवाऱ्यांसकट. आम्ही कौतुक केलं, तर म्हणाली, "तुमाले आज परकं वाटू ऱ्हायलं. मले तं पयलेपासून सारंच शिकून घ्या लागलं." आम्हाला तो विनोद वाटला.

तिचा सख्खा भाऊ, म्हणजे माझे मोठे काका, तिच्याच वळणाचे. पाहुणे आले की ते माडीवर जाऊन जुनी घड्याळं खोलून बसत. विद्वान माणूस, लहरी असायचाच, असं म्हणून सगळे त्यांना सोडून देत. आत्याही एकदा तशीच उठून गेली, तर आजी कडाडली, "बाईच्या जातीले चार लोकांत बसा लागते!" आत्या खाली आली, बसली, हसली, आणि पाहुणे गेल्यावर डोक्याला फडकं बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहिली. मला त्याचा अजून राग येतो.

पुढे माझ्या नातीला स्वमग्नता असल्याचं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलींच्या मेंदूतली रसायनं मुलग्यांसारखीच चालतात असं नाही, त्यातलं पुष्कळ अजून कळायचंय. पण अशा मुली इतरांना निरखून नक्कल करतात, म्हणून उशिरा ध्यानात येतं, आणि त्या आतून फार थकतात. मी तशीच रिक्षा करून आत्याकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. तेव्हा तिने ऐंशी ओलांडली होती.  ऐकून ती हळूच म्हणाली, "मंग आता मी नाही हसली तं चालते?"

"चालतं, आत्या," मी म्हटलं. मला रडू आवरेना.

त्यानंतर मी तिला संध्याकाळी नदीवरच्या राजघाटावर नेत असे. आम्ही दोघी गप्प बसायचो. ओळखीचं कुणी जवळ आलं, की आत्या खुशाल तोंड फिरवायची. लोक म्हणायचे, म्हातारी शेवटी तुसडी झाली. तसं तुसडं राहायला तिला एकच हिवाळा मिळाला.