कापसाच्या गाडीवरचा माणूस

"थांब बापू, आता थो येते," म्हणत ती रिमोट धरलेला माझा हात दाबून धरायची.

पांढरकवड्याला बसस्टँडमागे माझं सिनेमाच्या कॅसेट भाड्यानं देण्याचं दुकान होतं. ती जवळच्या बंजारा तांड्यावरची. तिथं आईला याडी म्हणतात, म्हणून आम्हीही तिला याडीच म्हणायचो. बाजाराच्या दिवशी भाजी विकली की टोपली दाराशी ठेवून आत यायची आणि एकच सिनेमा लावायला सांगायची. जुना, काळा-पांढरा.

तिच्या तरुणपणी त्याचं थोडं शूटिंग आमच्या भागात झालं होतं. नायिका रडत रस्त्यानं जाते, मागून कापसाची गाडी येते. वर ढिगावर याडीचा नवरा बसलेला. रस्त्यात माणसं उभी दिसली की रामराम करायचा, एवढंच त्याला ठाऊक. कॅमेऱ्यामागच्या मंडळींना त्यानं हात उंचावून खुशाल रामराम ठोकला! आमचं गिऱ्हाईक तिथं हमखास हसायचं. याडी मात्र पदर सावरून बसायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

"कसा बसला पाह्य, राजावानी," एवढंच म्हणायची.

पुढं ती कॅसेट घासून घासून तुटली. कापसाला भाव नव्हता ती वर्षं. बाजार सुना, दुकानात यायची ती माणसं नुसती वेळ काढायला. तरी मी तिच्यासाठी नागपूरहून त्या सिनेमाची नवी सीडी मागवली. वेष्टनावर छापलं होतं, आता रंगीत, घरच्या रुंद टीव्हीसाठी.

कापूस काय पांढराशुभ्र दिसला! नायिकेचं लुगडं गुलाबी. बैल आले, गाडी आली, गेली. माणूस नाही. रुंद टीव्हीसाठी चित्र वरून-खालून कापलं होतं आणि आमच्या जुन्या टीव्हीवर त्या जागी काळी पट्टी.

"पट्टी उचल ना बापू. थो मांगं बसला असन."

"मांगं काई नाई याडी. कापून टाकलं त्याहीनं."

"कायले?"

बाकावर बसलेले शाळेतले गुरुजी म्हणाले, "पोराइले आता रंगीतच लागते. जुनं कोन पाहते? असं केलं तं पाहतीन तरी."

गुरुजींचं अगदीच चूक नव्हतं. ती जुनी कॅसेट याडीशिवाय कुणी मागितली नव्हती. पण माझं डोकं तापलं. रंग चढवा, डाग पुसा, बिचाऱ्या माणसाला उठवायचा हक्क यांना कुणी दिला?

याडीनं दाराशी जाऊन टोपली उचलली. मग म्हणाली, "कापूस ठेवला. मानूस काढला."

आता ही परत येत नाही, असं मला वाटलं. पुढच्या बाजाराला आली. तीच सीडी लावायला लावली. गाडी येताच उठली, काळ्या पट्टीवर बोट टेकवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "इथं बसला हाये. रामराम करून राह्यला." त्या दिवशी कुणी हसलं नाही. मग दर बाजाराला तसंच.

हिवाळ्यात ती गेली. लेकानं येऊन सांगितलं तेव्हा मला दुकानात बसवेना, शटर ओढून घरी गेलो.

त्यानंतर कधीतरी गुरुजींनी आपणहून तो सिनेमा लावायला सांगितला. गाडी आली. बोट दाखवायला कोणी नव्हतं. गुरुजी बाकावरून उठले आणि काळ्या पट्टीकडं पाहून त्यांनी रामराम केला.