पट्ट्याचं फिटिंग

माझे सासरे शिंपी. गल्ली त्यांना मास्तर म्हणते, घरात आम्ही बाबा म्हणतो. वय शहात्तर. त्यातली एक्कावन्न वर्षं कोपऱ्यावरच्या दुकानात, एकाच शिलाई मशीनवर वाकून गेली. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत. "तो डावा खांदा उतरलेला येऊन गेला," असा निरोप ते देतात आणि आम्ही बरोबर ओळखतो. मी पहिल्यांदा या घरी आले तेव्हा माझ्या तयार ड्रेसच्या बाहीकडे बघून त्यांनी जो उसासा टाकला, तो मी अजून विसरलेले नाही.

मध्यंतरी दुकानात स्टुलावरून उठताना त्यांना भोवळ आली. खाली कापडाचा गठ्ठा होता म्हणून थोडक्यात निभावलं. डॉक्टरांकडे नेलं तर ब्लडप्रेशर एकशे ब्याऐंशी. डॉक्टर म्हणजे तरुण बाई, बोलायला मोजकी. रोज एक गोळी, जेवणात मीठ कमी, सकाळी अर्धा तास चालणं, आणि घरी ब्लडप्रेशरचं मशीन आणून दोन वेळा आकडा वहीत लिहिणं, एवढं तिनं सांगितलं. दुकान महिनाभर बंद.

"महिन्यानंतर?" बाबांनी विचारलं.

"आकडा एकशे चाळीसच्या आत आला तर रोज दोन तास उघडा. नाही आला तर दुकानाचं विसरा, मास्तर."

माझ्या नवऱ्यानं घरी येता येताच सांगून टाकलं, की मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण दुकानाची खोली भाड्यानं मागतोय. बापाच्या काळजीनंच बोलला, पण वेळ कोणती ती बघायला नको? बाबांनी दुकानाची किल्ली खुंटीवरून काढून खिशात टाकली, ती महिनाभर खिशातच राहिली.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. आम्ही सगळे आकडा बघायला वाकलो आणि बाबा बघत होते दंडावरचा पट्टा.

"हे कोणी शिवलंय?"

"कारखान्यात शिवतात, बाबा."

"दिसतंच आहे."

त्यांचा दंड म्हणजे झाडूचा दांडा. त्यावर तो पट्टा उसना आणलेल्या कोटासारखा लोंबत होता, शिवाय कडेची शिलाई वाकडी. त्या दिवशी आकडा आला एकशे बावन्न. गोळ्यांनी उतरतोय म्हणून आम्ही खूश झालो. बाबा मात्र कुणी अपमान केल्यासारखे पट्ट्याकडे बघत बसले.

सकाळी बघते तर पट्ट्याचं रूप पालटलेलं. कडेला रात्रीतून हातानं घातलेली दुहेरी शिलाई, कोपरे गोल, आणि दंडावर असा चपखल बसला की जणू त्यांच्यासाठीच बेतला होता. "जरा फिटिंग केलं," बाबा म्हणाले. मी तोंड भरून कौतुक केलं. ते कौतुक मला पुढे गिळावं लागलं.

मग महिना सुरू झाला. बाबा गळ्यात मोजपट्टी अडकवून फिरायला जायचे. ती नसली तर म्हणे मान उघडी पडल्यासारखी वाटते. चालत किती आणि लोकांच्या पँटी बघत किती, ते त्यांनाच ठाऊक. पण अर्धा तास कधी चुकला नाही. जेवण अळणी. आमच्यासाठी टेबलावर मिठाची बरणी असायची, पण सासूबाईंनी तिला हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "मला तसंही चालतं." चालत कसलं होतं! घास गिळताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मशीनकडे त्या फिरकायच्यासुद्धा नाहीत. "आई, तुमचंही मोजू या," म्हटलं की त्यांना नेमकं दूध उतू जाताना ऐकू यायचं.

आणि आकडा? एकशे चौसष्ट. एकशे अडुसष्ट. एकशे एकसष्ट. गोळी वेळेवर, चालणं वेळेवर, मीठ बंद, तरी आकडा हटून बसलेला. बाबा प्रत्येक आकडा वहीत लिहायचे, ग्राहकाचं माप लिहावं तसा, ठळक आणि खाली रेघ मारून. दर रेघेबरोबर दुकान एक पाऊल लांब जात होतं, आणि ते घरात सगळ्यांना दिसत होतं.

सत्ताविसाव्या दिवशी मला राहवलं नाही. घरात कुणी नाही असं बघून मी म्हटलं, "बाबा, शेवटचे चार दिवस एकशे अडतीस लिहा ना. कोण बघतंय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "पोरी, गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून कमरेचं माप कमी लिहिलं, तर पँट होईल का त्याला?" एवढं म्हणून त्यांनी लिहिलं, एकशे सहासष्ट. मला माझी लाज वाटली आणि त्यांचा रागही आला.

डॉक्टरांकडे जाताना आम्ही मशीन आणि वही बरोबर घेतली. नवऱ्यानं कव्हरवाल्याला संध्याकाळी बोलावूनही ठेवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली, कपाळाला आठ्या पाडल्या, दुसरी गोळी लिहायला पेन उचललं. मग सवयीनं स्वतःच्या मशीनवर मोजलं. एकशे चौतीस. पुन्हा मोजलं. एकशे बत्तीस.

"घरचं मशीन दाखवा."

पिशवीतून मशीन काढलं. पट्टा हातात घेऊन त्यांनी उलटसुलट केला. "हा पट्टा कुठून आणलात? इतकी सुबक शिलाई मी कुठे पाहिली नाही."

बाबांची छाती फुगली. "मीच केलं. रबराची पिशवी बाहेर काढून, दुमडून, दोन बाजूंनी आत घेतलं. फारच ढगळ होता."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. हसू आवरत होत्या हे खांद्यांवरून कळलं. "मास्तर, तो ढगळच ठेवतात. आतली पिशवी लहान झाली की आकडा चढतो. ब्लडप्रेशर तुमचं केव्हाच उतरलंय. गोळी हीच चालू ठेवा, चालणं ठेवा, मीठ चिमूटभर. आणि उद्यापासून दोन तास दुकान."

मी टाळी वाजवायचीच बाकी होती. बाबांचा चेहरा मात्र पडला. घराच्या दाराशी आल्यावर ते म्हणाले, "महिनाभर चुकीचं माप लिहिलं मी." दुकान परत मिळाल्याचा आनंद त्यांना त्या वाक्यानंतर झाला असावा, कारण तेव्हा कुठे त्यांनी खिशातली किल्ली काढून खुंटीला लावली. कव्हरवाल्याला नवऱ्यानं दारातूनच परत पाठवलं. त्याचा शर्ट पाठीत ओढला जातोय, हे बाबांनी जाता जाता त्याला सांगितलंच.

मग त्यांनी वही उघडली. सगळ्या महिन्यावर एक तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'चूक कारागिराची. माप नव्याने.' मी नवा पट्टा आणून दिला होता. बाबा तो स्वतःच्या दंडाला लावणार, तेवढ्यात सासूबाई समोर येऊन बसल्या आणि त्यांनी बाही वर केली.

"आधी माझं घ्या."

"इतके दिवस का नाही घेऊ दिलंस?"

"तुमचा तो आकडा रोज ऐकत होते. त्यात माझाही चढा निघाला असता तर बघायचं कुणी कुणाकडे?"

पट्टा गुंडाळायला बाबांना जरा वेळच लागला. मग सवयीनं त्यांनी पट्ट्याखाली दोन बोटं घातली. "सैल आहे गं," ते म्हणाले.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या, आणि मशीन थांबेपर्यंत त्यांनी बाबांचा हात धरून ठेवला.