सबनीस मोटारसायकल घरी आणतात

आमच्या अंधेरीच्या इमारतीतले श्यामसुंदर सबनीस विमा कंपनीत हेडक्लार्क होते. माणसाला कायकाय होऊ शकतं हे रोज कागदावर वाचून त्यांचा जीव अर्धा झाला होता. सायकलवरून जाताना समोरून बैलगाडी आली तरी ते उतरून बाजूला उभे राहत. अशा माणसाने मोटारसायकल घ्यावी, याचं कारण त्यांचा मेहुणा, कांदिवलीचा नंदकुमार. त्याने पंचावन्न साली स्कूटर घेतली आणि भर पंगतीत सांगितलं, "भावजी, हे तुमचं काम नाही. तुम्ही आपले बसचे."

सबनीसांनी भात कालवता कालवता जाहीर केलं, की दसऱ्याला आपण स्कूटरच्या दुप्पट वजनाची गाडी स्वतः चालवत दारात आणणार. त्यांच्या बायकोने, कुंदावहिनींनी, ही बातमी संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर पोचवली. आता माघार नव्हती.

गाडी सापडली मरोळ गावात, लिओनार्ड मिस्किताकडे. लढाईतली अमेरिकन मोटारसायकल, लष्कराच्या लिलावात घेतलेली. मी नुकताच मेकॅनिकलचा डिप्लोमा घेतला होता, म्हणून मला सोबत नेलं. निवृत्त पोस्टमास्तर भाऊ दिघे आपणहून आले. तीन रविवार आम्ही ती गाडी पाहायला गेलो, मुलगी पाहावी तशी. मी इंजिनचं कॉम्प्रेशन तपासलं. भाऊंनी ती कुठल्या आघाडीवर होती आणि तिच्यावर कोणी मेलं तर नाही ना, याची चौकशी केली. सबनीसांनी कागद दोनदा वाचले आणि टेपने सीटची उंची मोजली. सीट बुटकी होती. दोन्ही पाय जमिनीला टेकणार, एवढ्यावर ते भाळले. लिओनार्डची बायको अँजेलिना चहा देऊन कंटाळली. पण जरा बसून चालवून बघा, असं आमच्यातल्या एकानेही सबनीसांना सांगितलं नाही. मुलगी पाहायला गेल्यावर तिच्याशी बोलायचं तरी कोणाला सुचतं?

दसऱ्याच्या सकाळी सबनीस आणि मी हार घेऊन मरोळला पोचलो. सबनीस म्हणाले, "हळूहळू ढकलत नेऊ."

"ते जमायचं नाही," लिओनार्ड म्हणाला. "ढकलत बाहेर गेली तर अख्खं गाव म्हणेल, मिस्कितानं भंगार गळ्यात मारलं. चालवत न्या, नाहीतर राहू द्या."

"अहो, पण सराव नाही."

"मग तीन रविवार काय चहा प्यायला आला होता?" अँजेलिनाने विचारलं.

समोर गावच्या क्रुसाच्या ओट्यावर माणसं जमली होतीच. लिओनार्डने सबनीसांना बसवलं, इंजिन चालू केलं, गिअर टाकून दिला. सबनीस निघाले, पण दोन्ही पाय जमिनीवर फरफटत. त्या गाडीचा क्लच हातात नाही, पायात असतो. त्यामुळे ज्या माणसाला पाय उचलायचे नाहीत, त्याला ती थांबवताही येत नाही. मी शेजारून धावत होतो. पुढे उतार लागला. चपला सुटल्या, पाय आपोआप वर गेले आणि सबनीस चांगले फर्लांगभर सरळ, डौलात, उत्तम चालवत गेले. मागून गावाने टाळ्या वाजवल्या. पुढच्या चढावर इंजिन बंद पडलं आणि पाय पुन्हा जमिनीला लागले.

मी चपला घेऊन पोचलो. "झकास चालवलीत की."

"मूर्खासारखं बोलू नकोस," ते चपला घालत म्हणाले. "तो अपघात होता."

तिथून अंधेरीपर्यंत आम्ही ती ढकलली. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर सबनीसांनी घाम पुसला, केस विंचरले आणि बसले. मी इंजिन चालू करून गिअर टाकला. शेवटची पन्नास पावलं ते पाय घासत, ताठ मानेने आले. दारात मीच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. गॅलऱ्या भरल्या होत्या. कुंदावहिनींनी गाडीला ओवाळलं, मग नवऱ्याला. नंदकुमार खाली उभा होता. तो पायांकडे बघत होता.

"ताईला एक फेरी मारून आणा ना, भावजी."

कुंदावहिनी तोवर पदर खोचून मागच्या सीटवर बसल्याही होत्या. "आरेपर्यंत जाऊ," त्या म्हणाल्या.

सबनीसांचा चेहरा उतरला. "आत्ता नको. लांबून आलोय, इंजिन तापलंय. हा शिकलेला आहे, याला विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते इंजिन मैलभर ढकलून गार पडलेलं होतं, हात लावला तरी कळलं असतं. मी डिप्लोमाधारक. मी मान डोलावली.

"किती वेळ लागेल गार व्हायला?" कुंदावहिनींनी मला विचारलं.

"अर्धा तास," मी म्हणालो.

"मग मी इथेच बसते," त्या म्हणाल्या. त्यांनी आरतीचं तबक भावाच्या हातात दिलं आणि त्या नीट सावरून बसल्या.