भावजींचा धूर

भावजी सिगारेटचं टोक पाकिटावर आपटायचे, पेटवायचे, छाती भरून ओढायचे आणि म्हणायचे, "धूर म्हंजी हवाच की, वहिनी. आत गेली, भाईर आली. ऱ्हातीय कुटं?"

आता अशा माणसाला तुम्ही काय सांगणार? भरे हे आमचं गाव, तिथं आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. रस्त्याकडेचं रान विकलं, मागं खोल्या बांधून कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या, तेव्हापासून भावजींना दुसरं काम उरलं नाही. विडीवाल्यांना मात्र हसायचे. "विडीनं छाती जळती. आपली फिल्टरची हाय." वा रे शहाणपण!

पुढं पहाटेचा खोकला सुरू झाला. मग ओट्यावर चढताना धाप लागायला लागली. भावजींनी चोर शोधून काढला, तो कोण? आक्कांची चूल! आक्का म्हणजे त्यांची बायको. गॅसवरच्या भाकरीला भाकरी न म्हणणारी बाई. एका दुपारी या पठ्ठ्यानं तोंडात सिगारेट धरून पहारीनं ती चूल फोडली. दमले, तर खाटेवर बसून दुसरी पेटवली.

मी कुंपणावरून ओरडले, "भावजी, लाज वाटू द्या जरा!"

"वहिनी, धूर लई वाईट," म्हणतात कसे! आक्का खाली बसून ढेकळं गोळा करत होत्या.

चूल गेली, खोकला राहिला. शेवटी मी आणि त्यांच्या मुलानं त्यांना पौडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. "चुलीचा धूरही वाईटच. पण चुलीपुढं बसत होतं कोण? यांच्या श्वासनळ्या सिगारेटनं सुजल्यात, फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे फाटलेत. आत गेलेली हवा नीट बाहेर पडत नाही. गेलं ते परत येणार नाही. आज सोडली, तर उरलेलं जास्त दिवस टिकेल."

भावजींनी मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई नवीन दिसतीया." आणि मुलाकडं पाकीट मागितलं. मुलानं दिलं, वर एक स्वतःही पेटवली. दवाखान्याच्या दारात बापलेक धूर सोडत उभे! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

शेवटी शेवटी आडवं झालं की त्यांचा जीव घाबरायचा. गुडघ्यांवर हात टेकून, पुढं वाकून बसून राहायचे. एकदा चहा घेऊन गेले, तर माझ्याकडं बघून म्हणाले, "वहिनी... हवा... पुरंना." इतकं बोलायचं साठवलं होतं मी, पण कप खाली ठेवला. आक्का पाठ चोळत होत्या, मी पदरानं वारा घालत बसले.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. आपल्याकडं रीतच आहे, गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून शब्द द्यायचा. मुलगा हात जोडून म्हणाला, "आईला सांभाळीन." कावळे झाडावरच. "ऱ्हायलेलं रान इकणार न्हाई." तरी नाही. भावकीतल्या एका शहाण्यानं सिगारेट पेटवून पिंडाशेजारी ठेवली. आक्कांनी ती उचलून पाण्यात भिरकावली आणि मुलाला म्हणाल्या, "तू सोडतो म्हन."

सगळे मुलाकडं बघायला लागले. त्याचे हात जोडलेले, ओठ मिटलेले.

"म्हन की रं," आक्का म्हणाल्या.

ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला.